आतल्या पुलाचा रिपोर्ट

बी-४०२ : सेक्रेटरीसाहेब, सोसायटीतल्या पुलाच्या तपासणीचा रिपोर्ट वाचला. निम्म्यात नुसते फोटो. चाचणी एकच, रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर हातोडा आपटून उसळी मोजायची. तीही कठड्यावर, प्लास्टर न काढता! आणि शेवटी 'पूल सुरक्षित'?

सेक्रेटरी : नमस्कार ताई. एजन्सी अनुभवी आहे. मीटिंगला आला असतात तर तिथेच विचारता आलं असतं 🙏

ए-१०१ काका : कोअर काढा.

सी-२०३ : ताईंचं बरोबर आहे. हॅमर वरच्या साधारण ३० मिमीचंच सांगतो. त्यात जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, कडक होतो, म्हणून आकडा उलट चढा येतो. आतली पोकळी, सळईचा गंज, काही कळत नाही.

ए-५०१ : इंजिनीअरसाहेब जागे झाले 😄 लिफ्टच्या वेळीही असंच लेक्चर झालं होतं.

सी-२०३ : आणि नंतर लिफ्टमध्ये कोण अडकलं होतं?

ए-१०१ काका : कोअर काढा. टाकीच्या वेळीही हेच सांगत होतो.

बी-४०२ : काका, कोअर म्हणजे भोक पाडून काँक्रीटचा नमुना काढणं. कुठे पाडायचं ते तरी आधी कळू दे. दुसऱ्या खांबावर स्लॅबला खालून तपकिरी ओघळ आलेत. काठीने ठोकलं की बद्द आवाज येतो. तिथलं एकही रीडिंग नाही.

सेक्रेटरी : तेव्हा खाली पाणी होतं.

ए-५०१ : पाणी होतं की उतरायचा कंटाळा?

सेक्रेटरी : कृपया वैयक्तिक होऊ नये.

सी-२०३ : आधी कव्हर मीटरने सळया शोधायच्या. मग अल्ट्रासोनिक, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडून तिचा वेग मोजायचा. वेग सेकंदाला साडेचार किमीच्या वर असेल तर उत्तम, साडेतीनच्या खाली संशय. लहर सळईवरून गेली तर वेग फुगतो, म्हणून सळया आधी. गंजासाठी हाफ-सेल, म्हणजे सळईचं विद्युत विभव मोजायचं. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर.

ए-१०१ काका : म्हणजे शेवटी कोअरच.

सी-२०३ : हो काका, पण संशयाच्या जागी. ताकदीचा आकडा त्यावरूनच पक्का होतो.

बी-४०२ : तोवर पाण्याचे टँकर पुलावर उभे करू नका.

ए-५०१ : मग मागच्या गेटने आणा. तिथे सी विंगच्या गाड्या आहेतच, परवानगी कुणी दिली देव जाणे.

सी-२०३ : झालं, आले पार्किंगवर.

सेक्रेटरी : एजन्सीला लेखी विचारतो. पुन्हा तपासणी झाली तर कमिटीबरोबर एक सभासद पुलाखाली हवा. नावं द्या.

बी-४०२ : माझं लिहा.

ए-५०१ : माझा गुडघा. काकांना पाठवा.