वसंतराव नाईकांचं काय काय अजून वावरात आहे? (अनुभव धागा)

गहुलीचे (ता. पुसद, जि. यवतमाळ) वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १ जुलैला, त्यांच्या जयंतीला, कृषी दिन होतो, हार पडतात. इथं मात्र त्यांच्या काळच्या योजना प्रत्यक्षात कशा चालत आणि कुठं अडत, हे नेमकं माहीत असलेल्यांनी लिहावं.

दिग्रसकडून, ज्वारी

सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित (हायब्रीड) वाण १९६४ चा. नाईकसाहेबांनी हायब्रीड ज्वारीचा ध्यासच घेतला होता. गावरान ज्वारी पाच महिने वावर अडवून ठेवी, ही शंभरेक दिवसांत कापणीला येई. एकरी तीन-चार किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट अंतर, दोन ताटांत अर्धा फूट. पेरणी लांबली की खोडमाशी गाठते. सुकलेला पोंगा (मधला कोंब) ओढला तर अलगद हातात येतो, बुडाला कुजका वास असतो. पेरणी वेळेवर झाली तरी कणीस सप्टेंबरच्या झडीत सापडलं की दाणा काळा. आणि घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरू नये, ताटं उंच-बुटकी निघतात. कडबा आखूड, ही बैलवाल्यांची तक्रार खरीच होती. तरी उतारा गावरानपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून लोकांनी ती धरली.

पांढरकवड्याहून, कापूस

एकाधिकार खरेदीचा कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, व्यापाऱ्याला बंदी. ग्रेडर चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ताणून धाग्याची लांबी पाही, कवडी (किडका, डागी कापूस) आणि पातीचा कचरा पाही, मग काटा, मग चुकारा (पैसे). हमीभाव आधी मिळे, गाठी विकून नफा उरला तर बोनस नंतर. गाठीच्या नफ्यात पिकवणाऱ्याचा वाटा असावा, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

योजना फसली ती सीमेवर. खरेदी केंद्राचा भाव बाहेरच्यापेक्षा चढा असला की शेजारच्या राज्यांतला कापूस इकडे यायचा. बाहेर तेजी आली की आपला रातोरात सीमेपलीकडे आदिलाबादकडे जायचा. म्हणजे तोट्याच्या वर्षी गोदाम फुगलेलं आणि नफ्याच्या वर्षी रिकामं. अशा हिशोबात बोनस कुठून टिकणार? एकाच राज्यापुरती मक्तेदारी ठेवली की हे होणारच होतं.

हमीभावाच्या केंद्रावर आजही ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कटतो, बारावर गेला की गाडी परत. दवातला कापूस वेचू नका. वेचलेला पातळ पसरून ऊन दाखवा. फरदडीचा (हंगाम संपल्यावर उभ्या पऱ्हाटीचा) कापूस वेगळा भरा. दोन्ही एकत्र केलं तर चांगल्या कापसालाही हलक्याचीच प्रत लागते.

दारव्ह्याहून, रोजगार हमी

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याची कामं निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना नाईक सरकारनं उचलली होती. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

मजुरी मापावर असल्यानं सगळा जीव मापात. खड्डा खणताना मध्ये न खोदलेला मातीचा खुंट ठेवायचा, खोली त्यावरून मोजतात. खुंट पावसानं ढासळला किंवा कुणी छाटला की दोन फुटांचे दीड होतात आणि पूर्ण टोळीची मजुरी पडते. कठीण मुरमाला मऊ मातीचा दर लावणं, ही दुसरी मारामार. मुरूम लागला की त्याच दिवशी दाखवून नोंद करून घ्यावी, खड्डा बुजल्यावर काही सिद्ध होत नाही. पुढं मनरेगात (केंद्राच्या रोजगार हमीत) काम नमुना ४ च्या अर्जावर मागायचं आणि नमुना ५ ची तारखेची पोच घ्यायची, असं आलं. काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत त्या पोचेवरून मोजत. पोच हाती नसली की बेकारी भत्ता मिळवणं अवघड होई.

पुसदहून

जिल्हा परिषद विसरू नका. १९६० ला नेमलेली, १९६१ ला अहवाल दिलेली नाईक समिती त्यांचीच, मुख्यमंत्री होण्याआधीची. त्याच अहवालाच्या बळावर १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

मारेगावहून, आदिवासी जमीन

१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली जमीन परत देण्याचा कायदा त्यांच्याच काळातला, १९७४ चा. आदेश हाती आला की लोक निर्धास्त होतात, तिथंच घात होतो. ताबा पावती आणि फेरफार (मालक बदलल्याची नोंद) झाल्याशिवाय सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं आणि पुढच्या पिढीला पुन्हा खेटे पडतात. म्हणून प्रत्यक्ष बांधावर, पंचांसमक्ष ताबा घ्या आणि फेरफार मंजूर झाला की सातबारा काढून नाव वाचून बघा.