लेकीची पहिली पोस्टिंग दरभंगा, बिहार. पाठवावं का?

माधवनगरची_आई:
नमस्कार मंडळी. धाकटी बँकेची परीक्षा पास झाली, दोन वर्षं घासली बिचारी. काल ऑर्डर आली: दरभंगा. नकाशात बघितलं तर नेपाळची हद्द हातभर अंतरावर. तेव्हापासून घरात सुतक पडल्यासारखं झालंय. दीर म्हणतात, "एकटी पोर बिहारात? खड्ड्यात गेली ती नोकरी." शेजारच्या काकूंनी तर पळवापळवीच्या गोष्टी सांगून माझी झोप उडवलीय. लेक मात्र बॅग भरायला बसली. आम्ही सांगलीबाहेर गेलो ते फार तर पंढरपूर नाहीतर तिरुपतीला. सिनेमे बघून झालेलं मत नको मला. प्रत्यक्ष तिथं राहिलेलं कुणी आहे का?

कराडचा_कॅशियर:
ताई, मी राहिलोय. २०१७ ते २०२०, दरभंग्यातच. खोली शहरात आणि ब्रँच बावीस किलोमीटरवर. माझी ऑर्डर आली तेव्हा आईनं देव पाण्यात घातले होते, आणि मी तर बाप्या माणूस. तुमचं काय होत असेल ते समजतंय.

कल्याणला पवन एक्सप्रेसमध्ये बसलो. ट्रंकेला साखळी-कुलूप, पाकीट बनियनच्या आत, रात्री बॅग उशाला. डब्यात बहुतेक भिवंडीच्या लूमवरचे आणि नाशिकच्या साइटवरचे लोक, गावी निघालेले. भुसावळ गेल्यावर समोरच्यानं विचारलं, कुठं उतरणार? सांगितलं, तर सगळा डबा हसला. "सर, आप उल्टा जा रहे हैं." नंतर त्यांनी मला सत्तू कसा कालवायचा ते शिकवलं. कांदा, मिरची, लिंबू, वरून लोणच्याचं तेल. मी कुलपाची किल्ली खिशात चाचपत खाल्ला.

खरं शिक्षण झालं काउंटरवर. कॅश डिपॉझिट मशीनमधून पैसे आले की पासबुकात कधी कधी गावाचं नाव उमटतं. मी रोज छापायचो: भिवंडी, चाकण, वाळूज, अंबड. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका सकाळी साडेनवालाच शटरपाशी बसलेल्या असायच्या. "पइसा आया, सर?" आला असला तर हजार काढायचे, नसला तर उद्या पुन्हा. कमला, बागमती या नद्या दर दोन-तीन वर्षांनी शेतात शिरतात, जमीन भावाभावांत वाटून वीतभर उरलेली, मग पोरं करणार काय? आपल्याकडे आपण फक्त स्टेशनवर उतरणारी गर्दी बघतो. त्या गर्दीतल्या एकेकाचं दुसरं टोक माझ्या खिडकीसमोर उभं असायचं.

घरमालकीण साठीच्या पुढची. थोरला मुलगा चाकणला कंपनीत. त्यानं एक दिवस फोन उचलला नाही की ही जिना चढून वर यायची. "आपके चाकण में सब ठीक है न?" जसं काही चाकण माझ्या मालकीचं! मी तोवर चाकण एसटीच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण हायवेवर अपघात असतात का, पावसात पाणी साचतं का, तिकडची माणसं कशी असतात, सगळं विचारायची. हेच प्रश्न माझी आई मला बिहारबद्दल विचारायची, तेही त्याच आवाजात.

एकदा मालकिणीनं वेगळंच विचारलं. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली होती, आठवत असेल. तिचा पुतण्या त्यात होता. आता तो शाळेत मास्तर आहे. ती म्हणाली, परीक्षा द्यायला गेलेल्या पोराला मारतात का हो तुमच्याकडे? मी तेव्हा कॉलेजात होतो, कराडात, मेसमध्ये टीव्ही चालू होता. आम्ही हसलो होतो की काय, हे आठवायला नको वाटतं. तिला म्हटलं, सगळे तसे नसतात. हे वाक्य आजवर मी फक्त बिहारी माणसांच्या तोंडून ऐकत आलो होतो.

आता गैरसोयी. चापाकलाच्या, म्हणजे हातपंपाच्या पाण्यात लोह इतकं की पांढरे शर्ट महिन्याभरात हळदीचे होतात. प्यायला जारचं पाणीच घ्या, मी पहिल्याच पावसाळ्यात काविळीनं झोपलो. लाइट जाते. आणि हो, जात विचारतात, तोंडावर. मला राग यायचा. मग लक्षात आलं की माझ्या आडनावावरून त्यांना काहीच कळत नव्हतं, म्हणून विचारावं लागायचं. आपल्याकडे आडनाव ऐकलं की काम होऊन जातं, विचारायची वेळच येत नाही.

बाकी माणसं बोलायला फार मऊ. लहान पोरालाही "अहाँ" म्हणतात, म्हणजे आपलं "आपण". तिकडची म्हण आहे, पग-पग पोखर, माछ, मखान. पावलापावलाला तळं, मासे आणि मखाना. मैथिल ब्राह्मणांच्या लग्नात मासे वाढतात, हे मी आत्याला सांगितलं तर तिनं फोनच ठेवला. आणि मखाना! आपण उपासाला ऐटीत खातो, पण ते काळं बी तळ्याच्या तळाच्या चिखलातून हातानं गोळा करतात. मल्लाह लोक बुडी मारून काढतात, मग लोखंडी कढईत भाजायचं आणि तापलेलं असतानाच लाकडी थापीनं ठोकायचं. तेव्हा ते फुटून पांढरं होतं. ठोकणाऱ्या बायकांचे हात पाहिल्यापासून मी भावात घासाघीस करत नाही.

खरं_बोलू_का:
एवढंही गोड लिहू नका. मुझफ्फरपूरला दोन वर्षं सेल्समध्ये होतो. प्रत्येक कागदाला चहापाणी, रस्त्यावर कोण कुठून घुसेल नेम नाही, दारूबंदी २०१६ पासून आणि दारू घरपोच. बदली झाली तेव्हा पेढे वाटले.

कराडचा_कॅशियर:
खोटं नाही. पेढे मीही वाटले होते. फक्त गाडीत बसल्यावर किल्ली चाचपली नाही.

स्नेहल_अमरावती:
मी बाई म्हणून लिहिते. मधुबनीत दीड वर्ष पोषणाच्या कामावर होते, खेड्यापाड्यांत फिरून. पळवापळवीची भीती डोक्यातून काढा. त्रास असतो तो वेगळा: टक लावून बघणं, आणि संध्याकाळ झाली की रस्त्यावर बाईच दिसत नाही. काळोख पडल्यावर एकटं फिरण्याची मोकळीक मला तिथं मिळाली नाही. पण सकाळी गणवेशातल्या मुली सायकलवरून थव्यानं शाळेला जाताना पाहिल्या की बरं वाटायचं. मुलींना सायकलसाठी पैसे द्यायची योजना सरकारनं २००६ मध्ये काढली. माझ्या ऑफिसातली मदतनीस म्हणायची, आमच्या गावात त्याआधी सायकलवर बसलेल्या मुलीला लोक वळून बघायचे. लेकीला कुटुंबात खोली घेऊन द्या, एकटा फ्लॅट नको.

पर्वतीचे_नाना:
वय ७९. एक आठवण. पुण्याचे मधू लिमये लोकसभेत निवडून गेले ते बिहारमधून. १९६४ ची पोटनिवडणूक आणि १९६७, दोन्ही मुंगेरहून. पुढे १९७३ आणि १९७७ ला बांका. मराठी माणसाला चारदा निवडून देताना तिथल्या लोकांनी तो कुठला, हे आड येऊ दिलं नाही. इथं दरभंग्याचा कुणी सांगलीतून उभा राहिला तर डिपॉझिट वाचेल का? विचारतो आपला.

माधवनगरची_आई:
सगळं लेकीला वाचून दाखवलं. चाकणच्या भागावर ती गप्प झाली, मीही. दीर अजून फुगलेत. पण ठरलं, मी बरोबर जाऊन खोली बघून येणार. दिवाळीनंतरचं तिकीट काढू का?

कराडचा_कॅशियर:
अजिबात नको, तेव्हा छठ असते. आख्खी भिवंडी गावी निघते, उभं राहायला जागा मिळणार नाही. आत्ताच जा. गोडा मसाला आणि शेंगदाण्याचं तेल न्या, तिकडे सगळं मोहरीच्या तेलात. सकाळी मालकिणीला फोन केला होता. वरची खोली रिकामी आहे, देते म्हणाली. एकच विचारत होती, मुलगी मासे खाते ना?

माधवनगरची_आई:
अहो, माळकरी आहोत आम्ही!