आईने कारल्याचा रस सुरू केला आहे. गोळ्या कमी कराव्यात का?

प्रश्न (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय ६२ असून तिला ९ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि न्याहारीपूर्वी ग्लिमेपिराइडची एक गोळी असे तिचे औषध चालू आहे. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती गेल्या महिन्यापासून परसातली दोन कारली बियांसकट वाटून त्यांचा रस रोज उपाशीपोटी घेते. घरच्या यंत्रावर उपाशीपोटीची साखर १६५ वरून १३८ वर आली, आणि आता काकू म्हणतात, "हागलकाई (कन्नडमध्ये कारले) घेतेस, मग गोळ्या कशाला?" आईचा कलही तिकडेच आहे. परवा मात्र भाताच्या लावणीवर असताना अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला आणि हात कापू लागले. गुळाचा खडा खाल्ल्यावर बरे वाटले. याचा रसाशी संबंध असेल का? गोळ्या कमी कराव्यात का?

उत्तर (निवृत्त औषधनिर्माता, शहापूर, बेळगाव)

आपण वर्णन केलेली लक्षणे साखर एकाएकी खाली गेल्याची आहेत, म्हणून ही गोष्ट आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यात उपाशीपोटी रस, उशिरा झालेली न्याहारी आणि चिखलात वाकून केलेली लावणी, हे सारे एकाच सकाळी जुळून आले असावे. रस घेतल्यावर तासभर काही खायचे नाही असा समज आपल्याकडे आहे. आईही तसे करतात का, ते विचारून पाहा.

१६५ वरून १३८ ही घट पाहून आनंद होणे स्वाभाविक आहे, परंतु घरच्या ग्लुकोमीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत ग्राह्य धरली जाते, आणि ही घट सुमारे १६ टक्क्यांची आहे. शिवाय याच महिन्यात लावणीचे कष्टही वाढले. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी केल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे, ते ठरवता येणार नाही.

कारल्यात गुण नाही असे मी म्हणणार नाही. त्यातील चरँटिन आणि पॉलिपेप्टाइड-पी या द्रव्यांचा साखरेवर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. २०१२ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ४ चाचण्यांतील ४७९ रुग्णांची माहिती तपासली गेली, आणि मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका आधार तीत मिळाला नाही. थायलंडमधील २०११ सालच्या चार आठवड्यांच्या चाचणीत रोज २००० मिलीग्रॅम वाळलेल्या कारल्याने थोडा फरक पडला, पण तो १००० मिलीग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी होता. त्याहून लहान मात्रांनी लक्षणीय फरक दिसलाच नाही. परसातल्या कारल्याच्या रसात यातील काय किती उतरते, हे तर प्रत्येक फळागणिक बदलते. गोळीची मात्रा ठरलेली असते, रसाची नसते. म्हणूनच रसाच्या भरवशावर गोळी सोडणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर (निपाणी)

माझे वडील इन्सुलिन घेत असत आणि त्यासोबत कारल्याची पावडरही. एका एकादशीला उपवास असूनही त्यांनी दोन्ही घेतले आणि दुपारी ते बोलेनासे झाले. शुद्ध पूर्ण हरपण्याआधी आम्ही त्यांना दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले. डॉक्टरांनी पावडरीबद्दल विचारले नव्हते आणि "घरचेच आहे" म्हणून आम्हीही ती सांगितली नव्हती, याची खंत मला आजही आहे. आईंसोबत शेतावर साखरेची पुडी नेहमी द्या. पुन्हा तसे झाले आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरे वाटल्यावर भाकरी खायला लावा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

उत्तर (वडगाव, बेळगाव)

बियांविषयी एक सांगायचे आहे. कारल्याच्या बियांत व्हिसिन नावाचे द्रव्य असते, आणि ज्यांच्यात जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. घरात कोणी गर्भवती असेल तर तिलाही हा रस देऊ नये. भाजी म्हणून कारले उत्तमच आहे, फक्त आपल्याकडच्या भरल्या कारल्यात गुळाचा हात सैल असतो, तो आवरायला हवा. खानापूरकडे दोन्ही वेळा भाताचे ताट असते. त्यातला एक भात कमी करून ज्वारीची भाकरी आणि उसळ वाढवली, तर रसापेक्षा अधिक उपयोग होईल असे मला वाटते.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आई खरोखरच रसानंतर तासभर काही खात नव्हती. काल डॉक्टरांना सर्व सांगितले. त्यांनी रस बंद केला, ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली, मेटफॉर्मिन तशीच ठेवली आणि एचबीए१सीसाठी रक्त घेतले. काकूंना मी स्वतः समजावून सांगणार आहे, कारण त्यांनाही हाच आजार आहे आणि त्याही रोज हाच रस घेतात.