संध्याकाळच्या भुकेसाठी डब्यात काय न्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा लोकल प्रवास. संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत पोटात कावळे ओरडतात आणि स्टेशनवर समोर वडापावच असतो. आईला मधुमेह आहे, त्यामुळे मला आतापासूनच जपायचंय.

फुटाणे-शेंगदाणे नेते, पण रोज तेच नको होतं. मोड आलेले मूग सकाळी सातला भरले की संध्याकाळी झाकण उघडताच आंबूस वास येतो, बुळबुळीतही होतात. भाजक्या पोह्यांचा चिवडा उत्तम, पण या पावसात सादळतो. ऑफिसात फ्रीज नाही. गर्दीत उभ्यानं खाता यायला हवं, आणि रविवारी तासाभरात आठवड्याचं करून ठेवता आलं तर फारच बरं.

ज्वारीच्या लाह्या किंवा मखाणे तुपावर परतून कुणी नेतं का? किती दिवस कुरकुरीत राहतात? प्रमाणासकट सांगा ना, प्लीज.