'गाठ', 'ग्रेड' आणि 'पॉझिटिव्ह': स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टातील शब्दांविषयी

प्रश्न:
माझ्या वहिनींच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या पॅथॉलॉजी रिपोर्टात 'इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा, ग्रेड ३, आकार २.४ सेंमी, नोड्स २/१४ पॉझिटिव्ह' असा उल्लेख आहे. घरातल्या मंडळींनी याचा अर्थ 'तिसऱ्या स्टेजचा आक्रमक कर्करोग आणि चौदा गाठी' असा लावला व सगळेच हबकून गेले. हा अर्थ बरोबर आहे का, आणि मराठीत या शब्दांना नेमके काय म्हणावे?

उत्तर:
हा अर्थ बरोबर नाही. सर्वांत मोठा गोंधळ 'गाठ' या शब्दाने केला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. स्तनात हाताला लागते तीही गाठ आणि काखेतील लिम्फ नोड म्हणजेही गाठच, असे आपण सर्रास म्हणतो. पण लिम्फ नोड हे प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून असणारे निरोगी अवयव आहेत. २/१४ याचा अर्थ, शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात असे १४ नोड सापडले, ते सर्व सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांपैकी २ मध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्या. उरलेले १२ स्वच्छ होते. म्हणून स्तनातली ती 'गाठ' आणि काखेतल्या त्या 'ग्रंथी', एवढा भेद बोलतानाही पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. ग्रेड हा पेशींच्या रूपाचा आणि वाढीच्या वेगाचा अंदाज असतो. गाठीतल्या पेशी कितपत नलिका घडवतात, त्यांची केंद्रके किती विद्रूप आहेत आणि किती पेशी विभाजित होताना दिसतात, या तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, आणि ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. स्टेज मात्र गाठीचा आकार, काखेतल्या बाधित ग्रंथी आणि शरीरात इतरत्र झालेला प्रसार यांवरून ठरते. वहिनींच्या रिपोर्टातला आकार २ ते ५ सेंमीच्या दरम्यान आहे आणि बाधित ग्रंथी १ ते ३ च्या गटात आहेत. इतरत्र प्रसार नसेल, तर केवळ या मोजमापांवरून ही दुसरी स्टेज होते. ग्रेडसाठी 'प्रत' आणि स्टेजसाठी 'टप्पा' हे शब्द मला योग्य वाटतात.

'इन्व्हेजिव्ह'ला 'आक्रमक' म्हणू नये. पेशींनी दूधनलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या ऊतीत प्रवेश केला आहे, एवढेच हा शब्द सांगतो. रोग शरीरभर पसरला आहे किंवा तो झपाट्याने वाढतो आहे, असे तो सांगत नाही. ग्रेड १ चा, संथ वाढणारा कर्करोगही इन्व्हेजिव्हच असू शकतो. 'नलिकेबाहेर गेलेला' हे शब्द लांबलचक असले, तरी खरे आहेत.

उपप्रश्न:
त्याच रिपोर्टात पुढे 'ईआर पॉझिटिव्ह, हर-टू २+, मार्जिन निगेटिव्ह' असे आहे. यांतले चांगले कोणते आणि वाईट कोणते?

उत्तर:
'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' या दोन शब्दांचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. 'आढळले' आणि 'आढळले नाही' असे ते वाचावेत. मार्जिन निगेटिव्ह ही दिलासा देणारी नोंद आहे. काढलेल्या भागाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला प्रयोगशाळेत शाई लावतात आणि मग त्याचे काप करतात. त्या शाईच्या रेषेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचलेल्या नसतील, तर कड मोकळी आहे असे समजतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे पेशींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते संप्रेरक पकडणारी प्रथिने आढळली, आणि म्हणूनच टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता असते. येथे 'पॉझिटिव्ह' हा शब्द उपचाराचे एक दार उघडणारा आहे, आणि तो वाचून रडणारी माणसे पाहिली की फार वाईट वाटते.

हर-टू हे पेशींना वाढण्याचा संदेश देणारे, त्यांच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन आहे; त्याची नोंद ०, १+, २+ किंवा ३+ अशी असते. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि त्यावर ट्रॅस्टुझुमॅबसारखी नेमकी औषधे आहेत. २+ हा मात्र अनिर्णित निकाल आहे; त्यावर सहसा 'फिश' ही जनुकीय चाचणी करून निर्णय घेतात. तेव्हा ती चाचणी सांगितली आहे का, हे वहिनींच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ छापील कागद नेऊन भागत नाही. मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा म्हणजे 'ब्लॉक', आणि त्याचे पातळ काप चढवलेल्या काचपट्ट्या म्हणजे 'स्लाइड्स'; या दोन्ही वस्तू मूळ प्रयोगशाळेकडून मागून घ्याव्यात, कारण परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णाच्या याच वस्तू पुन्हा तपासल्या जातात.