ऑनलाइन चर्चागट: यादीत चाळीस, बोलतात चौघेच. काय बदलावं?

रानवारा

नमस्कार मंडळी. आमच्या गटाची महिन्यातून एका रविवारी रात्री साडेआठला ऑनलाइन बैठक असते. यादीत ४० जण, हजर साधारण २५. पुणे, नाशिक, बंगळूर, शिवाय लंडन आणि न्यू जर्सीचे काही. विषय आधी कळवलेला असतो, उदाहरणार्थ ‘शहर आणि पाणी’. वक्त्याने २० मिनिटं बोलायचं ठरलेलं असतं, तो ४५ मिनिटं बोलतो. मग ‘छान मांडलंत’ची एक फेरी, नेहमीच्या चौघांची मतं, बाकीच्यांचे कॅमेरे बंद. खरी चर्चा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पेटते आणि दोन तासांत राजकारणावर घसरते.

व्याख्यानं ऐकायला यूट्यूब आहे. आम्हाला जुन्या बैठकांसारखं काही हवंय, जिथे समोरच्याचं ऐकून आपलं म्हणणं थोडंफार हलतं. असे गट चालवणाऱ्यांनी नेमकं सांगावं: माणसं किती असावीत, वेळ कसा वाटायचा, वाद पेटला तर कुणी काय करायचं? झूम-मीटच्या खाचाखोचाही चालतील.

जुनी वही

२५ जणांची चर्चा होत नाही, सभा होते. ९० मिनिटं २५ जणांत वाटली तर प्रत्येकाला जेमतेम साडेतीन मिनिटं येतात. वक्त्याने ४५ खाल्ली की दोनही उरत नाहीत. तेवढ्यात मत सांगून होतं, दुसऱ्याला उत्तर देता येत नाही. १२ ही वरची मर्यादा धरा.

बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात ‘जंटो’ नावाचं मंडळ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक, सभासद बारा. पुढे सभासदांना आपापले मित्र आत आणायचे होते, तेव्हा त्याने संख्या वाढवायला विरोध केला आणि सुचवलं, की ज्याला हौस आहे त्याने स्वतःचं वेगळं मंडळ काढावं. अशी पाच-सहाच उभी राहिली, पण मूळ मंडळ फुगलं नाही. आपल्याकडे पुण्यात १९२३ च्या सुमाराला रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकायचे, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तुमच्या चाळिसांचे तीन गट करा. विषय तोच, रविवार तोच, लिंका वेगळ्या. दर तीन महिन्यांनी सगळे एकत्र या आणि व्याख्यानाची हौस तेव्हा भागवा.

जंटोचे आणखी दोन नियम उचलण्यासारखे आहेत. ‘हे निर्विवाद आहे’ अशा थाटात बोलणाऱ्याला किंवा दुसऱ्याला थेट खोडून काढणाऱ्याला किरकोळ दंड होता. आणि एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जाताना प्याला भरून रिकामा करण्याइतका विराम घेत. दंड ठेवला नाहीत तरी चालेल, विराम ठेवाच.

तिसरी घंटा

संख्येबद्दल सहमत, पण प्रश्न भोंगळ असेल तर बारांतही चौघेच बोलतील. ‘शहर आणि पाणी’ हा विषय झाला, प्रश्न नाही. त्यावर प्रत्येक जण आपल्या सोसायटीच्या टँकरपासून सुरू करतो आणि कुणाचं बोलणं कुणाला लागून येत नाही.

वक्ता काढून टाका, त्याच्या जागी मजकूर ठेवा. छापील पाच ते आठ पानं, त्याहून जास्त नको. अख्खं पुस्तक ठेवलंत तर अनेक जण न वाचता येतात, आणि न वाचलेल्यांना बोलायचा उत्साह दांडगा असतो. लोकहितवादींची पत्रं या कामाला फार चांगली: १८४८ ते १८५० मध्ये ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आलेली, छोटी, स्वामित्वहक्काची भानगड नाही, आणि अजून कुणाला ना कुणाला झोंबतात. दोन-तीन पत्रं एका बैठकीला पुरतात. माहितीपर काही हवं असेल तर मराठी विश्वकोशातली एखादी नोंद घ्या, ती ऑनलाइन फुकट वाचता येते.

आता प्रश्न. ‘लोकहितवादींचे विचार आज कितपत लागू पडतात?’ असं विचारलंत की सगळे ‘अगदीच’ म्हणतात आणि विषय आटोपतो. त्याऐवजी विचारा: ‘या पत्रात ते दोष कुणाला देतात? राज्यकर्त्यांना, भटांना, की वाचणाऱ्याला? ज्या वाक्यावरून तसं वाटलं ते वाचून दाखवा.’ तीन माणसं तीन वेगळी वाक्यं वाचतात आणि चर्चेला तोंड फुटतं. सूत्रधाराला ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे तो प्रश्न आणू नये, त्याची तोंडी परीक्षा होते. एक मुख्य प्रश्न, दोन राखीव, आणि तिन्ही मजकुराबरोबर आठवडाभर आधी पाठवलेले.

बैठक सुरू झाली की पाच मिनिटं सगळ्यांनी माइक बंद करून मजकूर पुन्हा वाचायचा. मग दोन मिनिटं आपलं उत्तर कागदावर एका वाक्यात लिहायचं. हे लिहिणं वगळू नका. समोर वाक्य असलं की भिडस्त माणसालाही तोंड उघडता येतं, आणि ‘मलाही तेच वाटतं’ म्हणून सुटायची सोय राहत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकी एक मिनिट, कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. बारा जणांना ही फेरी प्रत्यक्षात २० मिनिटं खाते, तेवढी धरूनच चाला. नंतर ४० मिनिटं खुली चर्चा. इथे मतभेद असेल तिथे एक नियम: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो ‘हो, हेच’ म्हणाला की मगच खोडायचं. सुरुवातीला बालिश वाटतो, पण वाद पेटतो तेव्हा त्याच्याइतका कामाचा ब्रेक नाही. सरसकट मात्र लावू नका, बैठक रटाळ होते. शेवटची दहा मिनिटं कुणाचं काय हललं यासाठी. अध्यक्षीय समारोप नको, आभारप्रदर्शन तर नकोच.

सूत्रधार एक, आणि घड्याळ व चॅट बघणारा दुसरा. एकट्याने दोन्ही केलं की दोन्ही फसतात. सूत्रधाराने पहिला अर्धा तास स्वतःचं मत सांगायचं नाही. ‘दोनच मिनिटं घेतो’ म्हणून सुटलेल्यांना थांबवताना त्यांचाच मुद्दा हातात घ्या: ‘काका, कर्जाचा मुद्दा धरून ठेवू या. ताई, तुमच्या वाक्यात तर ते उलट आलंय, नाही का?’ नुसतं ‘वेळ झाली’ म्हटलंत तर पुढच्या बैठकीला काका येत नाहीत.

अक्षांश

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांनी तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांनी. ऐन रंगात तुटलं की परत येताना माणसं गळतात. पैसे भरायचे नसतील तर मर्यादाच वापरून घ्या: ३५ मिनिटं, मग दहा मिनिटं चहा, मग दुसरी लिंक. दोन्ही लिंका एकाच निरोपात आधीच द्या. जुनी वही म्हणतात तो विरामही त्यात आपोआप येतो. तिसरी घंटांचं वेळापत्रक असं दुभागताना पहिली फेरी चहाच्या आधी पूर्ण होईल असं बघा.

‘आता पुढचे बोला’ हे ऑनलाइन चालत नाही, कारण चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा असतो. क्रम नावांनिशी चॅटमध्ये टाका. आवाज पोचायला किंचित उशीर होतो, म्हणून दोघे एकदम सुरू करतात, दोघेही थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’. असं तीनदा झालं की मवाळ माणूस त्या दिवसापुरता मिटतो. खुल्या चर्चेत हात वर करायचं बटण सक्तीचं ठेवा. प्रश्न विचारल्यावर सूत्रधाराने मनात दहा अंक मोजावेत. बहुतेक जण तिसऱ्या अंकाला घाबरून स्वतःच बोलायला लागतात, आणि लोकांनाही ते लगेच कळतं: आपण गप्प बसलो तरी चालतंय.

लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यामुळे बाकीच्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो. इअरफोन लावायला सांगा. एका खोलीत नवरा-बायको दोन यंत्रांवर असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर कर्कश शिट्टी वाजते.

परदेशातल्यांसाठी: भारतात रात्री साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा. हिवाळ्यात तेच तीन आणि दहा. ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तुमची बैठकही रविवारीच, म्हणजे त्या दोन तारखांना कुणीतरी हमखास तासभर चुकणार. मार्चमध्ये पुन्हा तेच, तेव्हा अमेरिका आधी आणि ब्रिटन नंतर. निमंत्रणात भारतीय वेळ लिहा आणि बाकीचं गणित कॅलेंडरच्या दुव्यावर सोडा.

काठावरचा

वरच्या नियमांनी बैठक शिस्तीत चालेल. रंगेल का, हा वेगळा प्रश्न, आणि तो नियमांपेक्षा निवडीवर अवलंबून आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मादाम जोफ्रँच्या घरी सोमवारी चित्रकार-कलावंत जेवायला असत, बुधवारी लेखक-विचारवंत. बोलणं अंगाशी येण्याजोगं झालं की ती एका छोट्या वाक्यात ते मिटवायची. ज्युली द लेस्पिनासकडे जेवू घालण्याइतके पैसेच नव्हते, तरी १७६४ पासून १७७६ मध्ये वारेपर्यंत तिच्याकडे संध्याकाळी पाच ते नऊ माणसं येत राहिली, नुसत्या बोलण्यासाठी. कोण कुणाशी बोललं तर ठिणगी पडेल, हे दोघींना पक्कं ठाऊक असायचं. बारा जणांत सगळे आयटीतले नकोत, सगळे एका मताचे तर नकोतच. आणि वेगळ्या मताचा माणूस कधी एकटा ठेवू नका. एकटा असला की तो एकतर वकिली करतो नाहीतर गप्प होतो. किमान दोघे हवेत.

तिसरी घंटांच्या सक्तीच्या फेरीशी मी पूर्ण सहमत नाही. ‘पास’ म्हणायची मुभा असावी. काही माणसं ऐकायलाच येतात आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीला एकच वाक्य बोलतात, पण ते ऐकण्यासारखं असतं.

व्हॉट्सॲपबद्दल. लेस्पिनास आधी मादाम द्यु देफाँच्या घरी राहायची, तिथेही अशाच बैठका भरत. देफाँची दृष्टी गेलेली, ती उठायचीही उशिरा. पाहुणे आधी येऊन लेस्पिनासच्या खोलीत बसायला लागले आणि चांगलं बोलणं तिथेच उरकू लागलं. १७६४ मध्ये देफाँला हे कळलं, भडका उडाला, आणि गणितज्ञ-विचारवंत दालांबेरसारखी माणसं लेस्पिनासबरोबर गेली. तुमच्याकडे ती खोली व्हॉट्सॲप आहे. गट ‘फक्त ॲडमिन’वर टाका. तारीख, मजकूर, लिंक, एवढंच तिथे. बैठकीनंतर टिपण टाकलं की एक दिवस सगळ्यांसाठी उघडा, मग पुन्हा बंद.

रानवारा

खूप उपयोगी, आभार. दोन शंका उरल्या. गैरहजर मंडळी रेकॉर्डिंग मागतात, द्यावं का? आणि एक जण सारखा व्यक्तीवर घसरतो, त्याचं काय करायचं?

तिसरी घंटा

रेकॉर्डिंग नको. लाल ठिपका दिसला की माणसं एकमेकांशी न बोलता फाइलशी बोलतात, आणि ‘माझं मत बदललं’ हे तर कुणी म्हणतच नाही. त्याऐवजी एक पानाचं टिपण, नावं न घालता: कुठली वाक्यं वाचली गेली, कशावर एकमत झालं नाही, कुठला प्रश्न अर्धा राहिला. ते दर वेळी वेगळ्याने लिहायचं. मंगळवारच्या आत आलं नाही तर मग ते येत नाही.

व्यक्तीवर घसरणाऱ्याला बैठकीत फक्त मजकुराकडे वळवा: ‘हे कुठल्या वाक्यावरून?’ त्याच रात्री सूत्रधाराने फोन करावा. मेसेज नको, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात. पुन्हा झालं तर एक बैठक विश्रांती. हे कोण ठरवणार ते आत्ताच लिहून ठेवा, भांडण झाल्यावर नियम केला की तो त्या माणसाविरुद्धच केल्यासारखा दिसतो.

काठावरचा, ‘पास’ मान्य. पण लागोपाठ दोन बैठका नको.

जुनी वही

गट पाडताना लोकांना आपापले मित्र निवडू देऊ नका, चिठ्ठ्या टाका. नवरा-बायको आणि जुने वर्गमित्र मुद्दाम वेगवेगळ्या गटांत. सहा महिने अदलाबदल नाही. परदेशातले सगळे एकाच गटात कोंबू नका, नाहीतर तो गट स्वतःची सोयीची वेळ काढतो आणि तिमाही बैठकीला कुणी येत नाही. आणि ४० ला तीनने भागून तेराच्या वर येतात म्हणून चौथा गट आधीच काढू नका. यादीतले पंधरा जण तसेही येत नाहीत.