‘संजीवक’ म्हणावे की ‘संप्रेरक’?

प्रश्न : कडधान्यांना पाण्याचा ताण सोसता यावा म्हणून करायच्या फवारणीबद्दल लिहिताना आमच्या निपाणी-चिकोडी भागात ‘संजीवक’, ‘संप्रेरक’ आणि ‘टॉनिक’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. यांतला योग्य कोणता?

उत्तर : माझ्या मते ‘संप्रेरक’, म्हणजे इंग्रजीतले ‘हॉर्मोन’. ‘हॉर्मोन’ हा शब्द इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये प्रचारात आणला आणि त्यामागच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, प्रवृत्त करणे असा आहे. ‘संप्रेरक’ नेमके तेच सांगतो. कन्नडमधला ‘प्रचोदक’ही त्याच अर्थाचा असल्यामुळे दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो परका वाटत नाही.

‘संजीवक’ रूढ आहे, पण तो दिशाभूल करतो. अथणीकडे काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर हरभरा येतो. तिथल्या आमच्या मामांना मी एकदा वाचून दाखवले, की जमीन सुकू लागली म्हणजे झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संजीवक वाढते आणि पानांवरची रंध्रे मिटवते. मामा म्हणाले, “पानाची तोंडं मिटतंय, ते संजीवक कसलं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. रंध्रे मिटल्याने पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणेही कमी होते आणि वाढ मंदावते. झाड तगते ते स्वतःला आवरून धरल्यामुळे, आणि ‘संजीवक’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र हिरवेगार, फोफावलेले पीक उभे राहते. फुलगळ कमी व्हावी म्हणून फवारतात त्या नॅप्थील ॲसेटिक आम्लाला तो शब्द एक वेळ चालेल. सर्वांना मिळून नको.

‘टॉनिक’ दुकानापुरता ठीक. त्या बाटलीत संप्रेरक आहे, अन्नद्रव्ये आहेत की दोन्ही, हे त्या शब्दावरून कळत नाही.

‘ताण’ या शब्दालाही जपावे लागते. डाळिंबाच्या बागेला बहार धरण्यासाठी आपण ताण *देतो*, म्हणजे पाणी जाणूनबुजून तोडतो. कोरडवाहू तुरीला ताण *बसतो*, कारण पावसाने ओढ दिलेली असते. “ताण दिलेल्या तुरीवर सॅलिसिलिक आम्ल फवारावे” असे लिहिले, तर तुरीचेही पाणी मुद्दाम तोडायचे आहे असा अर्थ निघतो. म्हणून तिथे “ताण बसलेल्या” असेच लिहावे.